बैलाचे वरचे दात

योहान मास्तरांचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज व्हायला नको. वाटायचा म्हणजे काय, अजूनही वाटतो. माणूस भिंगार सोडून गेला, त्यांच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं, तरी माझा हेवा काही जागचा हललेला नाही.

आमच्या गल्लीत ते निवृत्त झाल्यावर राहायला आले. जन्मभर प्राथमिक शाळेचे मास्तर, त्यातली बरीच वर्षं मिरजगावला. बायको वारलेली, मुलगी पुणतांब्याला दिलेली. एका खोलीत एकटे राहायचे, स्वतः भाकरी थापायचे, रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला जायचे. नाताळात स्वतःच्या हातानं करंज्या करून गल्लीभर वाटायचे. त्या करंज्यांचे कंगोरे कधी सरळ आले नाहीत, पण लोक हातोहात संपवायचे. अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे. शाळा सुटून इतकी वर्षं झाली, आता खडू कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "काय सांगावं, कुठं फळा भेटंल."

शाळेत सकाळी प्रार्थनेनंतर परिपाठ असतो. सुविचार, बातम्या, दिनविशेष वगैरे. मास्तरांनी शाळा सोडली, पण परिपाठ सोडला नाही. नळाला पाणी आलं की सगळी गल्ली हंडे-बादल्या घेऊन दारात उभी असते. त्या वेळेला मास्तर स्वतःची कळशी नळाखाली लावायचे, ओले हात शर्टाला पुसायचे आणि म्हणायचे, "ऐका, आजचं."

मग त्या दिवशीचं काहीतरी यायचं. पालीला पापण्या नसतात, म्हणून ती जिभेनं स्वतःचे डोळे चाटून साफ करते. फुलपाखराला चव पायानं कळते. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते अख्खी मान फिरवतं. सुगरणीचा खोपा मादी नाही, नर विणतो, आणि तो अर्धा झाला की मादी येऊन पाहून जाते. पसंत पडला नाही तर बिचाऱ्यानं दुसरा घ्यायचा करायला. हे ऐकून बायका नवऱ्यांकडं बघून हसायच्या आणि नवरे बादल्यांकडं बघायचे.

आता यात काय विशेष, असं मी पुष्कळदा म्हणून पाहिलं. मोबाईलवर अशी माहिती ढिगानं पडलेली असते. पण मास्तरांची रीत वेगळी होती. जे बोट करून दाखवता येत नाही, ते मास्तर सांगायचे नाहीत. पालीचं सांगितलं ते भिंतीवर पाल होती म्हणून. केळीचं झाड हे झाडच नव्हे, ती पानांच्या देठांची एकात एक गुंडाळलेली सुरळी आहे, हे त्यांनी केळीवाल्याच्या हातगाडीपाशी उभं राहून सांगितलं. इतकी वर्षं केळी विकणारा तो माणूस तेव्हापासून गिऱ्हाइकांना तेच सांगू लागला, ते पण स्वतःच्या नावावर. मास्तरांना त्याचं काहीच नव्हतं. उलट कुणी म्हणालं, "हे मला ठाऊक होतं," की ते जास्तच खूश व्हायचे. म्हणायचे, "झ्याक. मग आता तू सांग, मी ऐकतो."

मी त्यांचं प्रत्येक वाक्य घरी येऊन मोबाईलवर पडताळून बघायचो. एकदा तरी चुकतील अशी आशा होती. चुकले नाहीत.

माझी बायको सुनंदा मिरजगावची. चौथीपर्यंत मास्तरांच्याच वर्गात शिकलेली. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, ही एकटी गुरुजी म्हणायची, आणि त्या गुरुजीत जो लाडिकपणा होता तो माझ्या नावाच्या वाट्याला कधी आला नाही. पालीचं ऐकून ती स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. मी एका पतसंस्थेत कारकून आहे. दिवसभरात मीही चार गोष्टी ऐकतो, संध्याकाळी घरी येऊन सांगतो. त्यावर ती 'हो का' म्हणते आणि कढीपत्ता आणला का ते विचारते.

शेवटी एकदा मी तयारी केली. नळाला पाणी आलं, मास्तर शर्टाला हात पुसायच्या आत मी म्हणालो, "ऐका, आजचं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

शेजारच्या शेखबाबींनी विचारलं, "ते कुठं असतं?" मी म्हणालो, समुद्रात. "मग आपल्याला काय करायचंय त्याचं," म्हणून त्यांनी नळी दुसऱ्या हंड्यात सरकवली. मास्तर तेवढे मनापासून म्हणाले, "वा सुरेश, मला नव्हतं ठाऊक. लई भारी सांगितलंस." हे त्यांनी म्हणायला नको होतं. मी अर्धीच बादली उचलून घरात पळालो, त्या दिवशी अंघोळीला पाणी कमी पडलं.

पण हे सगळं गमतीचं झालं. खरा हेवा पुढं सुरू झाला, आणि तो माझ्या बापावरून.

आमचे आण्णा मूळचे शेतकरी. तरुणपणी बैलांत वाढले, मग भिंगारला लष्कराच्या डेपोत नोकरी लागली आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिले. मुळात बोलणारा माणूस. आई गेल्यावर बोलणं थोडं कमी झालं, तरी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणं चालूच होतं. त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतंय. शब्दही येतील हळूहळू, पण त्यांनी प्रयत्न केला पाहिजे. तुम्ही बोलत राहा, त्यांना बोलतं करा."

सुरुवातीला आण्णांनी प्रयत्न केला. एक म्हणायला जायचे आणि तोंडातून भलताच आवाज यायचा. मग त्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. लाज वाटत असावी. पाणी हवं असलं तरी डोळ्यांनीच सांगायचे.

मी रोज कामावरून येऊन त्यांच्या कॉटपाशी बसायचो. "आण्णा, मी कोण? सुरेश म्हणा. सु-रे-श." लहान पोराला शिकवतात तसं. ते माझ्याकडं बघायचे आणि तोंड भिंतीकडं फिरवायचे. जुने फोटो दाखवले, भजनं लावली, एकदा रागावूनही पाहिलं. काही नाही. या जगात मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. माझ्या बापानं माझ्याशी बोलावं, एक शब्द का होईना. आता ते कधी बोलणारच नाहीत या भीतीनं मला जेवण जायचं नाही.

योहान मास्तर रोज सकाळी यायचे. मी कामाला निघायच्या वेळेला ते कॉटशेजारच्या स्टुलावर येऊन बसलेले असायचे. आण्णांना काही विचारायचे नाहीत. सांगत बसायचे. मुंग्यांचं, मधाचं, चिंचेची पानं संध्याकाळी कशी मिटतात त्याचं. आण्णा ऐकतायत की नाही, याची त्यांना फिकीर नसायची.

त्या दिवशी रविवार होता, म्हणून मी घरी होतो. मास्तर चर्चहून परस्पर आले होते. बसले आणि म्हणाले, "ऐका आण्णा, आजचं. बैलाला वरच्या जबड्यात म्होरं आठ दात असतात. वरचे आठ आन् खालचे आठ, म्हणून तर त्याला चारा कचाकचा तोडता येतो."

आण्णांची मान वळली. कपाळाला आठ्या पडल्या. डावा हात गोधडीवर वर-खाली व्हायला लागला. मला वाटलं दुसरा झटका आला, मी उठलोच. तेवढ्यात त्यांच्या तोंडातून घरघरल्यासारखं आलं, "न्हा... न्हाईत."

मास्तर म्हणाले, "काय न्हाईत?"

"वर... वरचे. दात न्हाईत."

"असं कसं? आठ असत्यात."

"न्हाईत!" आण्णांनी डाव्या हातानं स्वतःचा वरचा ओठ उचलून दाखवला. "हितं... हिरडी. नुस्ती. खालचेच... बघत्यात. दुदाती. चौसा."

बैल घेताना त्याचं वय खालच्या दातांवरून ठरवतात, दोन आले की दुदाती, चार आले की चौसा, हे ते सांगत होते. मास्तर म्हणाले, "माझी चूक झाली आण्णा. बरं झालं सांगितलंत." मग त्यांनी खिशातून खडूचा एक तुकडा काढला आणि आण्णांच्या डाव्या मुठीत ठेवला. आण्णांनी मूठ मिटली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर, खोटं कशाला बोलू, चक्क माज होता.

सुनंदा दारात उभी राहून रडत होती. मलाही रडू आलं, ते आनंदाचं होतं, पण सगळंच आनंदाचं नव्हतं. महिनोन्महिने मी सु-रे-श, सु-रे-श करत होतो, आणि माझ्या बापाचा पहिला शब्द शेजारच्या मास्तरांना मिळाला. तोही बैलाच्या दातांपायी. मी त्या दिवशी मास्तरांना चहा विचारायचं विसरलो, म्हणजे मुद्दामच विसरलो. सुनंदानं केला.

त्यानंतर मास्तर चुकायलाच लागले. वटवाघूळ अंडी घालतं म्हणाले. आण्णांनी सांगितलं, "पिलाला... दूध पाजतंय ते." साप पुंगी कान देऊन ऐकतो म्हणाले. आण्णा म्हणाले, "कान कुठं हायेत त्याला?" एके दिवशी तर सुगरणीचा खोपा मादी विणते असं ठोकून दिलं. आण्णा जवळजवळ उठून बसले. लहानपणी विहिरीवरच्या बाभळीवर त्यांनी रोज बघितलेलं होतं. नर कसा गवताची काडी चोचीत धरून येतो, मादी कशी नाक मुरडून जाते, हे सगळं त्यांनी तुटक-तुटक पण शेवटापर्यंत सांगितलं. दर चुकीला मास्तर एक खडू द्यायचे. सुनंदानं त्यासाठी चहाचा रिकामा डबा कॉटच्या उशाशी ठेवला होता. आण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डबा हलवून वाजवून दाखवायचे.

माझ्या पथ्यावरच पडलं. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते घडत होतं. मी सुनंदाला म्हणालो, "तुझे गुरुजी आता थकले. खोप्याचं मागं नळावर त्यांनीच बरोबर सांगितलं होतं, आता उलटं सांगतायत. वय झालं म्हणायचं."

ती भाकरी थापत होती. थापता थापता हसायला लागली. "तुम्हाला खरंच कळलं न्हाई व्हय?"

"काय?"

"अहो, गुरुजी शाळेत असंच करायचे. वर्ग गप बसला, कुणी बोलंना, की फळ्यावर मुद्दाम चुकायचे. सात सत्ते छप्पन लिहायचे आन् आमच्याकडं पाठ करून उभं राहायचे. हुशार पोरांना गप बसा अशी खूण असायची. मग मागच्या बाकावरचं, कधी तोंड न उघडलेलं एखादं पोरगं उठून वरडायचं, गुरुजी चुकलं. त्याला खडू द्यायचे, जा, बरोबर करून ये म्हणायचे. मला पहिला खडू मिळाला तेव्हा मी तो उशाखाली घेऊन झोपले हुते."

मला राग आला. कुणाचा ते धड सांगता येणार नाही. माणूस बरोबर असताना माझ्यापेक्षा सरस होता, ते मी कसंबसं गिळलं होतं. आता तो चुकण्यातही सरस निघाला. आणि माझी बायको हे पहिल्या दिवसापासून जाणून होती.

पण राग आला तरी अक्कल गहाण ठेवायचं कारण नव्हतं. मास्तर चुकून आण्णांना बोलतं करू शकतात, तर मी का नाही? मी तर माझ्या घरात जन्मापासून चुकत आलोय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉटपाशी बसलो आणि सहज आठवल्यासारखं म्हणालो, "आण्णा, भुईमुगाच्या शेंगा फांदीला वर लागतात ना? चवळीसारख्या?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मास्तर चुकले की त्यांच्या डोळ्यांत जी चमक यायची, ती मला हवी होती. ती आली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी पसरली.

"तुला," ते म्हणाले, "येवढं बी ठाऊक न्हाई?"

"नाही आण्णा."

त्यांनी डाव्या हातानं मला जवळ बोलावलं. आजारी ते होते, पण बघत होते माझ्याकडं, मलाच काही झाल्यासारखं. मग हळूहळू, शब्द शोधत, त्यांनी मला भुईमूग सांगितला. फूल वर लागतं, पिवळं. ते गळालं की त्या जागेवरनं बारीक आरी सुटते, दाभणागत, ती खाली खाली येते आणि मातीत शिरते. मग तिच्या टोकाला, मातीच्या आत, शेंग धरते. "फूल उजेडात. शेंग... अंधारात. म्हणून भुई... भुसभुशीत लागती. कळलं का?"

मी म्हणालो, कळलं. ते म्हणाले, "पुन्यांदा सांगू?" मी म्हणालो, सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. माझ्याशी ते इतकं बोलले होते त्याला किती वर्षं झाली असतील, मला आठवेना. चांगले धडधाकट होते तेव्हाही आमचं बोलणं लाईटचं बिल आणि गॅसचा नंबर यापुढं फारसं गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आले तेव्हा मी बूट घालत होतो. आण्णांनी त्यांचा हात धरला आणि हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मतानं हळू, सांगितलं, "मास्तर, सुरेशला... भुईमूग ठाऊक न्हाई. तुमी जरा... बघा त्याच्याकडं. शिकवा."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी बुटाच्या नाडीकडं बघितलं. ते हसले नाहीत. एवढं म्हणाले, "मी कशाला आण्णा? तुमी हायेत की. रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसत जा."

आणि आण्णा बसू लागले. सकाळी मास्तरांच्या चुका काढायचे आणि संध्याकाळी माझ्या. फरक एवढाच की मास्तर चुकले की आण्णा खूश व्हायचे आणि मी चुकलो की त्यांना माझी चिंता लागायची. त्यांनी मला बैल, विहीर, कडबा, पेरणी असं सगळं शिकवलं. कधी कधी मी खरंच चुकायचो, त्यासाठी तयारी लागायची नाही. मला त्यांनी डब्यातला खडू मात्र कधी दिला नाही. तो फक्त चूक काढणाऱ्याचा होता, आणि घरात चूक काढणारे ते एकटेच होते.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना दुसरा झटका आला. दुपारी जेवले, शेजारच्या शेखबाबींना डबा वाजवून दाखवला, आडवे झाले ते उठले नाहीत.

त्यानंतर माझं बोलणं थांबलं. कुणी ठरवून थांबवतं तसं नाही. बोलायला जावं आणि नकोसं व्हावं, तसं. माणसं भेटायला यायची, मी मान हलवायचो. पतसंस्थेत कामापुरतं बोलायचो, घरी तेवढंही नाही. संध्याकाळी त्या रिकाम्या कॉटपाशी बसून राहायचो. सुनंदा म्हणायची, "अहो, आण्णांचं काहीतरी बोला, मोकळं वाटंल." मी उठून बाहेर जायचो. आण्णा हा शब्दच तोंडातून निघत नव्हता. मास्तर रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायचे, थोडा वेळ थांबायचे आणि जायचे. काही सांगायचे नाहीत.

त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. मुलीनं पुणतांब्याला न्यायचं ठरवलं. एका सकाळी त्यांचं सामान टेम्पोत भरलं. सामान ते किती. एक कॉट, एक कपाट, सायकल आणि भांड्यांचं पोतं. गल्ली निरोपाला जमली होती. केळीवाल्यानं एक फणी आणून दिली. सुनंदा पाया पडली आणि पदर डोळ्यांना लावून बाजूला झाली. मी टेम्पोच्या दाराशी उभा होतो. चार शब्द बोलायला हवे होते, माणसानं माझ्या बापाला बोलतं केलं होतं, पण माझे ओठ उघडेनात.

मास्तर ड्रायव्हरशेजारी चढून बसले. खिडकीतून बाहेर वाकले आणि ओले नसलेले हात शर्टाला पुसले.

"ऐक सुरेश, आजचं. बैलाला वरच्या जबड्यात म्होरं आठ दात असत्यात."

डाव काय आहे ते मला पुरतं ठाऊक होतं. त्यांना ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. तरीही माझ्या आत काहीतरी उसळून आलं, मागच्या बाकावरच्या त्या पोराला येत असेल तसं.

"नसतात मास्तर," मी म्हणालो. "वर पुढं दातच नसतात, नुसती हिरडी असते. आण्णा सांगायचे."

आण्णा हा शब्द बाहेर पडला आणि त्याच्यामागून सगळंच आलं. भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, मी रडलो. मास्तरांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "माझी चूक झाली. बरं झालं सांगितलंस," आणि खिडकीतून हात काढून माझ्या मुठीत खडू ठेवला.

टेम्पो सुरू झाला. गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी आडवी होती म्हणून तो जरा थांबला. सामानाच्या फटीतून, मागच्या काचेत मला मास्तरांचं डोकं दिसत होतं. ते ड्रायव्हरकडं वळले होते आणि रस्त्याकडेच्या लिंबाकडं बोट करून काहीतरी सांगत होते. ड्रायव्हरनं आधी मान हलवली, मग चकित होऊन त्यांच्याकडं बघितलं, आणि मोकळं हसला.

पार पुणतांब्यापर्यंत तो एकटाच ऐकणार होता. मला त्याचा हेवा वाटला.